गाडीत कोन कोन बसतं?

मिस्त्रींच्या गॅरेजात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझ्या जीपकडे बघितलंच नाही. माझ्याकडेही नाही. पालथ्या पिंपावर बसून ते गाडीच्या चाकावरच्या कमानीचा एक लोखंडी पाटा घासत होते, आणि घासता घासताच त्यांनी विचारलं, "गाडीत कोन कोन बसतं?"

म्हटलं, "मी एकटाच."

"मग जीप कशाला घेतलीस? सायकल घे."

मी वकील आहे. अलिबागच्या कोर्टात तोवर दहाएक वर्षं काढली होती आणि उलटतपासणी आपण घ्यायची असते अशी माझी समजूत होती. तरी मी मुकाट्याने जबानी दिली. जीप जुनी, लांब चॅसीची. मुंबईला परत गेलेल्या एका अशिलाने ती जवळजवळ माझ्या गळ्यात मारलेली. बंगल्यासाठी जमिनी घेणाऱ्यांबरोबर डोंगरात जावं लागतं म्हणून ठेवून घेतली, पण खड्ड्यात फार दणका देते.

"दनका गाडी न्हाय देत," मिस्त्री म्हणाले, "रिकामी गाडी देते." आणि पुन्हा पाटा घासायला लागले.

हा प्रश्न ते प्रत्येकालाच विचारतात हे मला पुढे कळलं. पोयनाडच्या रस्त्याला, भाताच्या गिरणीला चिकटून त्यांचं गॅरेज होतं. नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. दारातल्या करंजाला तारेने एक तुटका पाटा टांगलेला होता आणि वारा सुटला की तो खोडावर आपटून वाजायचा. तेवढी खूण पुरे होती. इंजिन, ब्रेक, वायरिंग असलं काही घेऊन कोणी आलं की "त्ये दुसरीकडं" म्हणून ते वाट दाखवत. त्यांचं काम म्हणजे फक्त पाटे, स्प्रिंगा आणि शॉकअप, तेही डोंगरात, खाजणात, पुळणीवर जाणाऱ्या गाड्यांचे. डांबर सुरू झालं की मिस्त्रींचा रस संपायचा.

त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. गाडीत वजन किती, यावर पाटा ठरतो आणि पाटा कसा, यावर शॉकअप ठरतो. पाटा वजन झेलतो, शॉकअप पाट्याला आवरतो. पाटा ताठ आणि शॉकअप ढिला असला तर गाडी एका खड्ड्यासाठी चार वेळा उसळते. पाटा मऊ आणि शॉकअप कडक असला तर दबलेली गाडी वर यायच्या आत पुढचा खड्डा येतो, मग त्याच्या पुढचा, आणि शेवटी बूड आपटतं. पण गिऱ्हाईक नेमकं दुसऱ्या टोकाने सुरू करायचं. आधी शॉकअप घ्यायचं, तोही रंग बघून. "लाल हाय म्हनून आनला," मिस्त्री सांगायचे, "लुगडं आनल्यावानी."

पाटा आणि शॉकअप म्हणजे नवराबायकोच की, असा विनोद दर दुसरं गिऱ्हाईक करायचं आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा थाटात हसायचं. मिस्त्री हसत नसत. "नवराबायकोचं मला म्हाईत न्हाय. मी लोखंडाचं बघतो," एवढंच म्हणत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कोणी कारण विचारलं तर ते त्याच्या गाडीचा एखादा कोपरा गुडघ्याने दाबून सोडून देत आणि ती किती वेळा हलते ते बघत उभे राहत. गाडी एकदा वर येऊन गप्प बसली तर ठीक. दुसऱ्यांदा हलली की मान हलवून म्हणत, "बडबडी हाय." हा शेरा गाडीवर असायचा की विचारणाऱ्यावर, हे मी कधी ठरवू शकलो नाही.

गाडी सोडायची तर अख्खं कुटुंब आणायचं, असा नियम होता. नेहमी जसे जाता तसे या, सामानसुमान घेऊन. मग सगळ्यांची वरात शेजारच्या गिरणीत, भाताच्या काट्यावर. बायकांचं वजन मिस्त्री कधी मोठ्याने उच्चारत नसत, बॉलपेनने आपल्या तळहातावर लिहून मूठ मिटून घेत. एवढा सभ्यपणा मी कोर्टातही फार पाहिलेला नाही. ज्यांना कुटुंब आणणं जमत नसे त्यांच्यासाठी मागच्या भिंतीला वाळूची पोती उभी असत, प्रत्येक पोतं तोललेलं आणि त्यावर कोळशाने नाव लिहिलेलं. 'ड्रायवर', 'बायको', 'मामा', 'पोर'. 'सासू' नावाची दोन पोती होती, एक जड आणि एक फारच जड. कुठलं लावू, असं विचारून मिस्त्री शांतपणे उत्तराची वाट बघत.

चाचणी गॅरेजमागच्या, खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावर व्हायची. तिथल्या वाटेला बैलगाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. गाडी मिस्त्री चालवायचे आणि मालकाला मागच्या बाकावर बसवायचे. त्यात कुणालाच सवलत नव्हती. मालक जन्मभर पुढे बसतो, त्याला मागे काय होतं ते ठाऊकच नसतं, असं त्यांचं मत. त्या बाकावर मी एक बिल्डर, दोन डॉक्टर आणि एक निवृत्त न्यायाधीश दोन्ही हातांनी टपाला धरून बसलेले पाहिलेत. न्यायाधीशांनी उतरल्यावर टाय सारखा केला आणि मला हळूच विचारलं, "इतकी वर्षं आमच्या मिसेस इथे बसत होत्या?"

एकदा शनिवारी मांडव्याला रो-रो बोटीतून उतरून एक गृहस्थ थेट गॅरेजात आले. गाडी अशी चकचकीत की करंजाची पानं तिच्यात मोजता येतील. जमिनीपासून वीतभर उचललेली, चारही चाकांना परदेशी स्प्रिंगा आणि अर्थातच लाल शॉकअप. तक्रार एकच होती. अलिबागला पोहोचेपर्यंत बायकोचं डोकं उठतं. मिस्त्रींनी गृहस्थांना, त्यांच्या बायकोला आणि सोबतच्या लॅब्रेडॉर कुत्र्यालाही काट्यावर चढवलं. मग गाडीखाली जाऊन आले.

"ह्या स्प्रिंगा लोखंडाच्या बंपरच्या गाडीला असत्यात. वर तंबू, पुढं गाडी वढायचं लोखंडी दोराचं रहाट, असल्या वजनाला. तुझा बंपर कुठंय?"

"घ्यायचाय पुढच्या वर्षी," गृहस्थ म्हणाले.

"मग पुढच्या वर्सापत्तुर बाईंचं डोकं दुखंल. न्हायतर ह्या काढ, मऊ घाल."

गृहस्थांना परदेशी स्प्रिंगा काढवेनात. ते तीन आठवड्यांनी परत आले ते लोखंडी बंपर, टपावर तंबू आणि पुढे रहाट बसवूनच. बायकोचं डोकं दुखायचं थांबलं होतं. मला हसू आवरेना, पण मिस्त्री गंभीर होते. "बरोबर क्येलंस," त्यांनी गृहस्थांना दाद दिली. "वजन तर आलं." तंबूत कोणी झोपलं का, हे त्यांनी विचारलं नाही. तो त्यांचा विषय नव्हता.

आणि ह्या माणसाकडे स्वतःची गाडी नव्हती. ते सायकलवरून हिंडायचे. सीटच्या दोन्ही स्प्रिंगा मोडलेल्या आणि त्या जागी लाकडाचे ठोकळे. "तुमच्या सायकलचं बघा की," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "तिच्यावर कोन बसतं? मीच ना?"

माझ्या जीपचं त्यांनी पहिली काही वर्षं काहीच केलं नाही. दर वेळी तो प्रश्न, दर वेळी माझं तेच उत्तर, आणि मग मी चहा पिऊन परत. पण तिथे बसायला मला आवडायचं हे कबूल करतो. एकटं राहणाऱ्या माणसाला आपल्यापेक्षा विक्षिप्त कोणीतरी लागतो.

मी एकटा राहत होतो तो हौसेने. आई मी कॉलेजात असतानाच गेली. गावी वडील होते, आबा, आणि आबांभोवती सगळा गोतावळा. शिकून अलिबागला आल्यावर माझी जी काही प्रगती झाली ती मुख्यतः ह्या गोतावळ्यापासून लांब राहण्यात. जीप घेतल्यावर तर पंचाईतच झाली. आमच्याकडे गावाला जाणारी गाडी रिकामी जाणं हा गुन्हा समजतात. गावच्या फाट्यावर कोणी ना कोणी पिशव्या घेऊन उभं असायचंच, आणि त्यात आत्या हटकून. मी वेग वाढवायचो. आरशात आत्या लहान लहान होत जायची, तिचा वर केलेला हात तसाच असायचा.

आबा पडले ते पेंढ्याची उडवी रचताना. पाठीच्या मणक्याला तडा गेला. अलिबागच्या एका दवाखान्यात महिना काढल्यावर डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण हाड सांधेपर्यंत दणका बसता कामा नये. एक जोराचा हिसका बसला तर पाय कायमचे जातील. आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी. सडकेपासून आत तीन किलोमीटर नुसते धोंडे आणि मध्ये एक ओढा. मी आबांना म्हटलं, माझ्याकडे राहा, फ्लॅट आहे, लिफ्ट आहे.

"तुज्याकडं कोन हाय?" आबांनी विचारलं.

मी दुसरं काहीतरी बोलायला लागलो. आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मला घरी न्ये." दोन दिवस ते तेवढंच म्हणत राहिले. मी घाबरलो होतो. न्यावं तर पाय जातील आणि न न्यावं तर हा माणूस भिंतीकडे बघतच संपेल.

मी मिस्त्रींकडे गेलो. ह्या वेळी त्यांनी प्रश्न विचारायच्या आत मीच सगळं सांगून टाकलं. ते उठले, हात पुसले आणि सायकलवरून दवाखान्यात माझ्या आधी पोहोचले. आबांना त्यांनी कसे आहात वगैरे विचारलं नाही. खाटेजवळ उकिडवे बसून म्हणाले, "आबा, भाताच्या पोत्याला किती कमी भराल?"

आबा महिन्याभरात पहिल्यांदा विचार करताना दिसले. "पडायच्या आधी पोत्याला पोतं व्हतो. आता दोन पायल्या कमी धरा."

"आनि तुमच्यासंगं कोन कोन येल?"

"बहीन येल. धाकटा भाव येल, त्याची बायकू येल. शेजारचा म्हादू बी राहनार न्हाय."

"कोणी येणार नाही," मी म्हटलं. "फक्त मी आणि आबा."

मिस्त्रींनी तळहातावर काहीतरी लिहिलं आणि मूठ मिटली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

आठ दिवस जीप त्यांच्याकडे होती. कमानीतून पाटे काढले, घासले, पुन्हा घातले. शॉकअपच्या ढिगाऱ्यातून एकेक काढून हातांनी दाबून बघत आणि बाजूला टाकत. मागच्या दोन बाकांच्या मध्ये, आबांची गादी येणार तिथे, एक पोतं आडवं निजवलेलं होतं. त्यावर कोळशाने 'आबा' लिहिलं होतं. ते बघून मी तोंड फिरवलं, त्यामुळे बाकांवरच्या पोत्यांवर काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही. रोज संध्याकाळी खारबांधावर चाचणी. मागे मी. आठव्या दिवशी चाकोऱ्यांतून जीप अशी गेली की मला बाकावर डुलकी लागली.

ज्या दिवशी आबांना सोडलं त्या सकाळी दवाखान्याच्या फाटकात गोतावळा हजर होता. आत्या, काका, काकू, म्हादू, चार पिशव्या आणि एक पत्र्याचा डबा. माझं डोकं फिरलं. आजारी माणूस गाडीत आणि ह्यांना फुकटचा प्रवास सुचतोय! मी शक्य तितक्या सभ्य शब्दांत सांगितलं की आबांना आराम हवा, गर्दी नको, तुम्ही एसटीने या. आत्याने पिशव्या उचलल्या. आपण फार शहाणपणाचं वागलो असं वाटून मी जीप सुरू केली.

अलिबाग सुटायच्या आत पहिला गतिरोधक आला. मी अगदी हळू घेतला, तरी जीपचं मागचं अंग घोड्यासारखं उडालं. आबा ओरडले. मी वडिलांना तसं ओरडताना कधीच ऐकलं नव्हतं. पुढचा सगळा रस्ता मी पायी चालल्याच्या वेगाने गॅरेजापर्यंत आलो आणि उतरून मिस्त्रींवर तुटून पडलो. आठ दिवस काय केलंत? माणसाचा जीव आहे की खेळ?

मिस्त्री मागच्या बाजूला गेले आणि आत डोकावले. "आबा, पाय हालवा." आबांनी अंगठे हलवले. मग मिस्त्री वळले. "बाकीची कुठंत?"

"कोण बाकीची?"

"तुज्या बापानं मला मानसं मोजून दिलेली. चार. मी पाटे त्या मानसांना लावल्येत. ती कुठंत?"

"एसटीने पाठवली," मी म्हटलं, आणि म्हणतानाच मला सगळं कळलं. ताठ पाटे, वर वजन नाही. रिकामी गाडी दणका देते, हे मी त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. तरी वकिली सवयीने मी एक शेवटचा मुद्दा मांडला. "मग पोती टाका ना. पोती आहेत तुमच्याकडे."

"पोती हायत," मिस्त्री म्हणाले. "पन वळनावर पोतं तुज्या बापाला धरनार हाय का?"

एसटी स्टँडवर मी रिक्षाने गेलो. चौघंही बाकावर ओळीने बसली होती. भर स्टँडवर, माझी दोन अशिलं बघत असताना, मी आत्यापुढे हात जोडले आणि खरं काय ते सांगितलं.

"आता वजन कमी पडलं व्हय वकीलसायबाला?" आत्या म्हणाली. तिने मला पुरतं मिनिटभर उभं ठेवलं आणि मग उठली. उठताना पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला.

मिस्त्रींनी चौघांना पोत्यांच्या जागी बसवलं. आत्याला डाव्या चाकावरच्या बाकावर, काका-काकूंना उजवीकडे, म्हादूला दाराशी. पिशव्यासुद्धा त्यांनी सांगितल्या तिथेच. आबांचं डोकं आत्याच्या मांडीजवळ आलं. मी मिस्त्रींना म्हटलं, तुम्हीही चला. तर म्हणाले, "मला मोजलेलं न्हाय." आणि सायकलवर टांग टाकून मागे निघाले. आम्ही इतके हळू जात होतो की दोनदा ते पुढे गेले आणि वाटेत थांबून आमची वाट बघत राहिले.

सडक सुटली, धोंडे सुरू झाले. जीप खाली जायची, वर यायची आणि गप्प बसायची. वळणावर आठ हात आबांच्या अंगाभोवती जायचे. आत्या लहानपणीची कसलीतरी चोरून खाल्लेल्या आंब्यांची भानगड उकरून आबांशी भांडत होती आणि आबा पडल्या पडल्या तिला खोटं पाडत होते. अंगणात जीप थांबली तेव्हा आबांनी विचारलं, "का रं थांबलास? ओढा आला का?"

ओढा मागे राहून दहा मिनिटं झाली होती. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. मिस्त्री तोवर मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. "शॉकअप ऊन झालाय," म्हणाले. "काम क्येलंय त्यानं."

आबा काठी घेऊन चालायला लागले आणि त्यानंतर भाताचे दोन हंगाम जगले. दर महिन्याला तपासणीला याच पद्धतीने, अख्खी गाडी भरून. मी फाट्यावर थांबायला शिकलो, कारण न थांबून चालणारच नव्हतं. एका पहाटे आबा झोपेतच गेले.

त्यानंतर मी पुन्हा एकटा आणि जीप पुन्हा रिकामी. गावाला जायचं काही कारण उरलं नाही. कामाच्या फेऱ्यांत ती अशी आदळायला लागली की महिन्याभराने मी गॅरेजात गेलो. म्हटलं, मिस्त्री, दोन पाटे काढून टाका.

मिस्त्री तेराव्याला आले नव्हते. पाना घेऊन जीपखाली शिरता शिरता सवयीने त्यांनी विचारलं, "गाडीत कोन कोन बसतं?"

"मी एकटाच."

ते बाहेर आले. पाना खाली ठेवला. "मग न्हाय काढत," म्हणाले. भिंतीशी जाऊन त्यांनी एकेक पोतं पाठीवर आणलं आणि बाकांवर, मध्ये, जिथल्या तिथे ठेवलं. कोळशाची अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. ह्या वेळी मी सगळी वाचली. 'बहीन', 'भाव', 'भावजय', 'म्हादू'. आणि मध्ये आडवं, 'आबा'.

"मानसं मिळंपत्तुर ह्ये ठेव," मिस्त्री म्हणाले आणि हात धुवायला निघून गेले.

पुढे रस्ता रुंद झाला. त्यात गिरणी गेली, करंज गेला, गॅरेजही गेलं. मिस्त्री दिघीकडे बहिणीच्या गावी राहायला गेले असं ऐकतो. तिकडचे आतले रस्ते अजून बरेच वाईट आहेत म्हणे, तेव्हा सुखात असणार.

पोती घेऊन मी कितीतरी दिवस हिंडलो. गेल्या रविवारी कारण नसताना गावाला निघालो. फाट्यावर आत्या उभी होती, हात वर केलेला. मी थांबलो. मागचं दार उघडलं, तिचं, 'बहीन' लिहिलेलं पोतं उतरवून दगडाशी ठेवलं. आत्याने कोळशाची अक्षरं वाचली, पोतं पायाने ढकलून बघितलं आणि म्हणाली, "येवढी जड हाय व्हय रं मी?" मग चढून आपल्या जागेवर, डाव्या चाकावर बसली. मधल्या आडव्या पोत्याकडे तिने एकदा पाहिलं.

धोंडे सुरू झाले. ओढ्याच्या अलीकडचं मोठं वळण आलं तेव्हा मी आरशात बघितलं. आत्याने वाकून दोन्ही हातांनी ते पोतं धरलं होतं.